चिंचोक्यातील 'पेक्टिन' : एका नावाचा इतिहास

परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडील जिंतूर तालुका हा पूर्णेचे खोरे वगळता उंचसखल व हलक्या जमिनीचा मुलूख आहे. अशा मुलखात शेताच्या बांधावर, गावकुसाशी आणि देवळाच्या पाराजवळ चिंचेचे झाड हटकून आढळते. माघ-फाल्गुनात चिंचा झोडल्या जातात. पुढे दोन-तीन महिने घरोघर बायका चिंचा फोडीत बसलेल्या दिसतात. टरफल एका बाजूस, गर एका बाजूस आणि चिंचोके एका बाजूस अशी ही वाटणी असते. गराला बाजार आहे, टरफल चुलीत जाते. चिंचोक्यांचे मात्र काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार पालटत गेले आहे. मुलांना ते एकीबेकी खेळावयास लागतात, थोडे भाजून चघळले जातात. आणि उरलेले पोत्यांत भरून व्यापाऱ्याकडे जातात. हा व्यापारी माल बार्शी-लातूरकडच्या चिंचेच्या पेठांतून पुढे कारखान्यांत जातो व तेथे त्याची पांढरट भुकटी होते.

या भुकटीत जे द्रव्य असते, त्याच्या रसायनाचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. वनस्पतींच्या बियांत साठविलेल्या जटिल कर्बोदकांचा अभ्यास हे आज जीवरसायनाचे एक विस्तृत अंग झाले आहे. परंतु आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस त्यातील संरचना तेवढ्या पाठ असतात आणि त्या कशा हाती आल्या याची कल्पना क्वचितच असते. चिंचोक्याचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. एकाच द्रव्यास सुमारे सव्वाशे वर्षांत 'अमायलॉइड', 'पेक्टिन', 'जेलोज' व 'झायलोग्लुकन' अशी चार नावे शास्त्रज्ञांनी दिली. आणि त्यांच्याही आधीपासून आपल्या विणकरांचे स्वतःचे एक नाव होतेच. ही नावे एकामागून एक टाकून दिलेल्या चुका आहेत, अशी सामान्य समजूत आहे. आमच्या मते ती बरोबर नाही. प्रत्येक नावात ते द्रव्य ज्या कसोटीने ओळखले गेले ती कसोटी जतन झालेली आहे, आणि त्या कसोटीच्या पलीकडचे जे काही त्या नावाने गृहीत धरले, तेवढेच काय ते चुकले आहे.

विणकरांचे नाव 'खळ'. हा शब्द कोणत्याही एका द्रव्याचा वाचक नाही. सुताला ताठपणा आणणारी जी पातळ लापशी ती खळ, मग ती तांदळाची असो, गव्हाची असो वा ज्वारीची. महाराष्ट्रातील घोंगडी विणणारे धनगर व सणगर मात्र चिंचोक्याचीच खळ पसंत करीत आले आहेत. चिंचोके भाजावयाचे, त्यांचे तांबूस-काळे टरफल कुटून वेगळे करावयाचे, आतील पांढरे दल भिजवून वाटावयाचे आणि भरपूर पाण्यात शिजवावयाचे, असा हा क्रम आहे. शिजलेली खळ ताण्याच्या लोकरी सुतावर कुंच्याने सारखी फिरविली की सुताबाहेर आलेले केस दबतात, सूत गुळगुळीत व कणखर होते आणि मागावरील ओढाताणीत तुटत नाही. या क्रमातील भाजण्याची पायरी सोपी वाटली तरी महत्त्वाची आहे. चिंचोक्याच्या वजनापैकी सुमारे तीस टक्के टरफल असते व त्यात टॅनिनवर्गीय द्रव्ये पुष्कळ असतात. ती खळीत उतरली तर तिला तांबडा रंग व तुरटपणा येतो. भाजल्याने टरफल ठिसूळ होऊन सुटते. आजचे भुकटीचे कारखानेही मुळात हेच करतात. फरक यंत्रांचा आहे. ओडिशातील पटचित्रकारदेखील कापडाची पृष्ठभूमी तयार करताना चिंचोक्याची चिकी वापरतात, तेव्हा ही विद्या केवळ महाराष्ट्राची नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

'खळ' या नावाची कसोटी उपयोगाची आहे. द्रव्य कशाचे बनले आहे, हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही.

तो प्रश्न प्रथम जर्मनीत उद्भवला. १८३९ साली फोगेल आणि श्लायडेन या दोघांनी काही शिंबावर्गीय बियांच्या दलांचे पातळ छेद घेऊन त्यांवर आयोडीन घातले. श्लायडेन म्हणजे पेशीसिद्धान्ताशी ज्याचे नाव निगडित आहे तोच वनस्पतिशास्त्रज्ञ. आयोडीनने पिष्ट निळे होते, हे तेव्हा सर्वश्रुत होते. परंतु चिंचोक्यासारख्या बियांत निळा रंग आला तो पेशींच्या आतील कणांना नव्हे. तो आला पेशींच्या जाड भित्तींना. पेशीभित्ती ही सेल्युलोजसारख्या द्रव्याची असावयाची व तिने आयोडीनला दाद द्यावयाची नाही, अशी अपेक्षा होती. पिष्टासारखे वागणारे पण पिष्ट नसलेले हे द्रव्य म्हणून त्यांनी त्यास 'अमायलॉइड', म्हणजे पिष्टसदृश, असे म्हटले. नाव अगदी प्रामाणिक होते. ते एका रंगाची नोंद करीत होते व त्याहून अधिक काहीही सांगत नव्हते.

या शब्दाचे पुढे जे झाले ते विषयाला थोडे सोडून असले तरी सांगण्याजोगे आहे. १८५४ साली फिर्खोव्ह या विख्यात विकृतिशास्त्रज्ञास मानवी मेंदूतील काही सूक्ष्म पिंड आयोडीनने निळसर होताना दिसले आणि त्याने वनस्पतिशास्त्रातील हा शब्द उचलला. मानवी शरीरात एक प्रकारचे पिष्ट वा सेल्युलोज साठते, असा त्याचा ग्रह झाला. १८५९ साली फ्रीडराइख व केकुले यांनी अशा विकृत ऊतींचे पृथक्करण करून ते द्रव्य प्रथिनवर्गीय असल्याचे दाखविले. हा केकुले म्हणजे पुढे बेंझीनच्या वलयामुळे प्रसिद्धीस आलेला रसायनज्ञ. नाव मात्र टिकले. वैद्यकात 'अमायलॉइड' हा शब्द आजही प्रथिनांच्या साठ्यालाच लावतात. चिंचोक्याकडून माणसाकडे गेलेला शब्द माणसाजवळच राहिला आणि चिंचोक्याला दुसऱ्या नावाची वाट पाहावी लागली.

ते दुसरे नाव देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतून १९४२ साली आले. टी. पी. घोष व एस. कृष्ण यांनी चिंचोक्यांतून जेली जमविणारे द्रव्य काढता येते असे दाखवून चिंचोके हे व्यापारी पेक्टिनचे मौल्यवान साधन आहे, असे प्रतिपादन केले. काळ लक्षात घेतला पाहिजे. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते, बाहेरून येणारा माल रोडावला होता, आणि मुरंबे-जेलींच्या धंद्यास लागणारे पेक्टिन सफरचंदाच्या व लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून परदेशात तयार होत असे. त्याच सुमारास कापडगिरण्यांपुढेही अडचण उभी होती. गिरणीत सुताला द्यावयाची कांजी ही मका, गहू, साबुदाणा यांच्या पिष्टाची, म्हणजे माणसाच्या तोंडचा घास. आणि १९४३ हे तर बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. अशा वेळी खाण्यात फारसे न येणारे व झाडाखाली पडून राहणारे बी हाताशी असणे ही मोठीच सोय होती. चिंचोक्याच्या भुकटीचे व्यापारी उत्पादन १९४३ पासून सुरू झाले व ती सुती गिरण्यांत आणि तागाच्या धंद्यात पिष्टाऐवजी वापरली जाऊ लागली. घोंगडीवाल्याची खळ गिरणीत शिरली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ती शिरली ती घोंगडीवाल्याचे नाव घेऊन नव्हे.

'पेक्टिन' हे नाव का दिले गेले, याचा विचार करताना त्या संशोधकांवर अन्याय होता कामा नये. पेक्टिन हा शब्द ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने १८२५ साली वापरात आणला. ग्रीक भाषेतील 'गोठलेले' या अर्थाच्या शब्दावरून तो घेतला आहे. म्हणजे मुळात हे नावही वर्तनाचेच होते: साखरेसह शिजवून थंड केले असता जे गोठते ते पेक्टिन. चिंचोक्याचे द्रव्य साखरेबरोबर उत्तम गोठते. ब्राकोनोच्या शब्दाचा मूळ अर्थ घेतला तर देहरादूनच्या संशोधकांनी काहीच गैर केले नाही.

अडचण अशी की, १८२५ व १९४२ यांच्या दरम्यान 'पेक्टिन' या शब्दाचा अर्थ पालटला होता. १९१७ साली फेलिक्स एर्लिख याने पेक्टिनातून गॅलॅक्ट्युरॉनिक अम्ल वेगळे काढले. त्यानंतर रसायनज्ञांच्या लेखी पेक्टिन म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक अम्लाच्या रेणूंची साखळी व त्यातील काही अम्लगट मेथिल एस्टराच्या रूपात, असा अर्थ स्थिर झाला. आज खाद्यपदार्थांत वापरावयाच्या पेक्टिनात निदान ६५ टक्के गॅलॅक्ट्युरॉनिक अम्ल असलेच पाहिजे, असे मानक आहे. वर्तनाचे नाव अशा रीतीने घटनेचे नाव झाले. एकच शब्द दोन कसोट्यांचा वाचक झाला, की व्यापारी पहिली कसोटी दाखवून दुसरीचे फळ मागू शकतो.

वर्तनातही एक फरक होता. फळातील पेक्टिन गोठावयास साखरेबरोबर आंबटपणाही लागतो; पेरूची जेली करताना लिंबू पिळतात ते त्यासाठी. चिंचोक्याच्या द्रव्यास आम्लाची गरज नाही. ते उदासीन विद्रावातही गोठते, आणि बराच वेळ उकळल्यानेही त्याची गोठण्याची शक्ती सहजासहजी जात नाही. हा फरक व्यापारदृष्ट्या जादा गुण म्हणून सांगता येण्याजोगा होता. रसायनदृष्ट्या मात्र तो संशयाचा मुद्दा होता. आम्लाची गरज पेक्टिनाला का लागते? त्याच्या साखळीवरील अम्लगट ऋणभारित असल्याने साखळ्या एकमेकींस दूर लोटतात. आम्ल घातले की तो भार नाहीसा होतो व साखळ्या जवळ येऊ शकतात. ज्या द्रव्यास ही मदत लागत नाही, त्याच्या अंगी तो भारच नसावा, अशी शंका यावयास हवी.

ही शंका निर्णायकपणे फेडण्याचे काम मुंबईत झाले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग १९३३ साली स्थापन झाला होता. १९४६ ते १९४८ या काळात तेथील जी. आर. सावूर व ए. श्रीनिवासन यांनी चिंचोक्यातील बहुशर्करा शुद्ध स्वरूपात वेगळी करून तिची घटना तपासली. त्यांचा मुख्य निबंध १९४८ साली अमेरिकेतील 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष थोडक्यात असा: या द्रव्यात गॅलॅक्ट्युरॉनिक अम्ल नाही, जलविच्छेदनाने त्यातून ग्लुकोज, झायलोज व गॅलॅक्टोज या तीन शर्करा मिळतात, सबब यास पेक्टिन म्हणता येत नाही.

हा निष्कर्ष आज दोन ओळींत लिहिता येतो. त्या वेळच्या साधनांनी तो काढणे किती बिकट होते, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. कागदावरील वर्णलेखनाने शर्करा ओळखण्याची पद्धत पार्ट्रिज याने १९४६ साली नुकतीच मांडली होती. ती सर्वत्र रुळावयास आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत शर्करा ओळखावयाच्या त्या त्यांच्या साधितांवरून. गॅलॅक्टोज असल्यास नत्राम्लाने तिचे म्युसिक अम्ल होते व ते पाण्यात न विरघळता खाली बसते. पंचकार्बनी शर्करा असल्यास आम्लाबरोबर ऊर्ध्वपातन केल्यावर फरफुराल मिळते व त्याचे वजन करता येते. युरॉनिक अम्ल असल्यास बारा टक्के हायड्रोक्लोरिक अम्लाबरोबर उकळता कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो. लेफेव्हर व टोलेन्स यांची ही १९०७ सालची कसोटी. साखळीतील गॅलॅक्ट्युरॉनिक अम्लाच्या दर १७६ भागांतून या वायूचे ४४ भाग, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा, मिळावयास हवा. द्रव्य खरेच पेक्टिन असेल तर इतका वायू नजरेआड होणे शक्य नाही. उलट, 'नाही' असे म्हणण्यासाठी मात्र द्रव्य अत्यंत शुद्ध असावे लागते. चिंचोक्याच्या दलात बहुशर्करेच्या जोडीस प्रथिने व तेल पुष्कळ असतात. त्यांचा थोडाही अंश राहिला तर कसोट्या दिशाभूल करतात. अभाव सिद्ध करणे हे भाव सिद्ध करण्याहून नेहमीच कठीण असते, आणि मुंबईच्या या कामाचे खरे मोल त्या अभावाच्या सिद्धीत आहे असे आम्हांस वाटते. संरचनेचे श्रेय नंतर इतरांकडे गेले, म्हणून ग्रंथांतून या निबंधाचा उल्लेख केवळ एका ओळीत होतो, ही गोष्ट खेदाची आहे.

देहरादूनकडूनही हट्ट धरला गेला नाही. तेथील पी. एस. राव यांनी या द्रव्यास 'जेलोज' असे नाव सुचविले. जेली करणारे म्हणून 'जेल' आणि शर्करावर्गीय म्हणून 'ओज', अशी ही तडजोड होती. तडजोडीची नावे सहसा टिकत नाहीत आणि हेही टिकले नाही. तथापि 'पेक्टिन' मागे घेण्याचा मोकळेपणा तीत दिसतो. व्यापारात मात्र 'चिंचोक्याचे पेक्टिन' हा प्रयोग पुढेही बरीच वर्षे ऐकू येत राहिला.

तीन शर्करा कोणत्या ते कळले. त्यांचे त्या वेळचे प्रमाण साधारणतः ग्लुकोज ३, झायलोज २, गॅलॅक्टोज १ असे मिळत होते. पण त्या एकमेकींस कोठे व कशा जोडलेल्या आहेत हा प्रश्न उरला. त्यासाठी मेथिलीकरणाची पद्धत होती. साखळीतील प्रत्येक मोकळ्या हायड्रॉक्सिल गटावर मेथिल गट बसवावयाचा, मग साखळी तोडावयाची आणि तुटलेल्या शर्करांत कोणत्या स्थानी मेथिल बसलेला नाही ते पाहावयाचे. जेथे तो नाही तेथे पूर्वी जोड होता. व्हाइट व राव यांनी १९५३ साली या मार्गाने जाऊन ग्लुकोजची मध्यवर्ती साखळी व तीवर झायलोज-गॅलॅक्टोजच्या शाखा असे चित्र पुढे आणले. तथापि मेथिलीकरणाने स्थाने कळतात, शेजारी कळत नाहीत. एखाद्या वस्तीतील घरांची दारे कोणत्या दिशेस आहेत हे कळले तरी कोणाचे घर कोणास लागून आहे ते कळत नाही, तसा हा प्रकार आहे. शेजाऱ्यांचा पत्ता लावला तो हॉलंडमधील डेल्फ्टच्या कोयमन याने. त्याने आम्लाऐवजी एन्झाइमांकडून साखळी तोडवून घेतली आणि शर्करांच्या जोड्या अखंड मिळविल्या. एका जोडीत झायलोज ही ग्लुकोजच्या सहाव्या स्थानी जोडलेली होती. दुसरीत गॅलॅक्टोज ही झायलोजच्या दुसऱ्या स्थानी. १९६१ साली त्याने मांडलेली संरचना मुख्यतः आजही मान्य आहे. गंमत अशी की, कोयमनने आपल्या निबंधांत फोगेल-श्लायडेन यांचा 'अमायलॉइड' हाच शब्द वापरला. निळ्या रंगाच्या नावाखाली अखेर संरचना उकलली गेली. १९६७ साली अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेतून श्रीवास्तव व सिंग यांनी याच द्रव्याच्या संरचनेवर विस्तृत निबंध लिहिला. गिरण्यांच्या शहरातून हे काम व्हावे, यात नवल नाही.

आज जे चित्र मान्य आहे ते असे. मध्यवर्ती साखळी सेल्युलोजचीच, म्हणजे बीटा-१,४ जोडांनी बांधलेल्या ग्लुकोजची. तीतील दर चार ग्लुकोजांपैकी तिघांच्या सहाव्या स्थानी एकेक झायलोज, चौथे मोकळे. झायलोजांपैकी काहींच्या दुसऱ्या स्थानी एकेक गॅलॅक्टोज. योग्य एन्झाइम घातले असता साखळी मोकळ्या ग्लुकोजापाशी तुटते आणि चार प्रकारचे तुकडे मिळतात: एक सात शर्करांचा, दोन आठांचे व एक नवांचा. नवांचा तुकडा सुमारे निम्मा असतो. या चारही तुकड्यांची सरासरी काढली तर ग्लुकोज ४, झायलोज ३ व गॅलॅक्टोज सुमारे १.४ असे प्रमाण येते. जुने ३ : २ : १ हे प्रमाण चाराच्या मापाने मांडल्यास ४ : २.७ : १.३ होते. नत्राम्ल व फरफुराल यांच्या जोरावर काम करणारी ती पिढी सत्याच्या किती जवळ होती, हे या दोन ओळी शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते. १९९३ साली या तुकड्यांसाठी एकाक्षरी चिन्हांची सर्वसंमत पद्धतीही ठरली आणि द्रव्याचे नाव झायलोग्लुकन असे रूढ झाले. हे पाचवे नाव. याची कसोटी रंग नव्हे, गोठणे नव्हे, उपयोगही नव्हे, तर घटना.

येथपर्यंत हा बियांच्या एका लहानशा गटाचा विषय होता. १९७३ साली अमेरिकेत आल्बर्सहाइम व त्यांचे सहकारी यांनी सिकामोर वृक्षाच्या, प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींच्या भित्तींत झायलोग्लुकन दाखविले, आणि हे द्रव्य द्विदल वनस्पतींच्या वाढत्या पेशीभित्तींचा सामान्य घटक असल्याचे स्पष्ट होत गेले. तेथे ते सेल्युलोजच्या तंतूंना बिलगून असते. चिंचोक्यात झाडाने त्याचा नुसता साठा केला आहे, इतकेच. भित्तींतील झायलोग्लुकन थोडे व काढावयास अवघड. चिंचोक्यातील भरपूर व काढावयास सोपे. म्हणून पेशीभित्तीवर काम करणाऱ्या जगातील प्रयोगशाळा आज आपल्या एन्झाइमांची परीक्षा चिंचोक्याच्या झायलोग्लुकनावर घेतात.

सेल्युलोजशी असलेल्या या सख्यावरून एक मोह निर्माण होतो व तो टाळला पाहिजे. साखळी सेल्युलोजसारखी असल्याने हे द्रव्य कापसाच्या तंतूस घट्ट धरते. गिरण्यांच्या अनुभवाचे हे स्पष्टीकरण पुष्कळसे योग्य आहे. पण लगेच 'आमच्या धनगरांस हे आधीच ठाऊक होते' असे म्हणणारे लेखक आढळतात. घोंगडी लोकरीची असते. लोकर हे प्रथिन आहे. तेथे सेल्युलोजशी सख्याचा संबंध येत नाही. लोकरीवर खळ काम करते ती वाळल्यावर होणाऱ्या लवचीक पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा दीर्घ व न वितुळणाऱ्या साखळ्यांमुळे चांगला होतो. विणकराने चिंचोका निवडला तो अनुभवाने व उत्तम निवडला. त्याच्या पदरात रेणूंचे ज्ञान टाकल्याने त्याच्या अनुभवाची किंमत वाढत नाही.

बियांतील इतर कर्बोदकांशी तुलना येथे ओझरतीच करतो. गवार, मेथी, टाकळा या आपल्या परिचयाच्या बियांत गॅलॅक्टोमॅनन असते: मॅनोजच्या साखळीवर गॅलॅक्टोजच्या शाखा. मेथीत जवळजवळ प्रत्येक मॅनोजवर शाखा, गवारीत दोघांमागे एक, टाकळ्यात सुमारे पाचांमागे एक. शाखा जितक्या दाट तितके द्रव्य थंड पाण्यात सहज विरघळते. त्या विरळ झाल्या की साखळ्या परस्परांस चिकटू लागतात. हाच न्याय चिंचोक्यास लागू पडतो. एन्झाइमाने त्यातील सुमारे एक-तृतीयांश ते निम्मी गॅलॅक्टोज काढून टाकली, तर उरलेले द्रव्य साखरेवाचूनच, आणि तेही तापविल्यावर, गोठते व थंड झाल्यावर पुन्हा पातळ होते. ब्राकोनोच्या कसोटीने पाहिले तर हे पेक्टिनाच्या अगदी उलट वागणे झाले.

जिंतूरकडे परत येऊ. सावूर-श्रीनिवासन यांचा निबंध ज्या १९४८ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले. तोपर्यंत जिंतूर हैदराबाद संस्थानात होते. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आले. परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले ते १९७२ साली. म्हणजे चिंचोक्याच्या रसायनाची मुख्य कामगिरी देहरादून, मुंबई, डेल्फ्ट व अहमदाबाद येथे होत असता, ज्या मुलखात चिंच उदंड पिकते त्या मुलखात या विषयाची प्रयोगशाळा जवळपास नव्हती. याचा एक परिणाम अजून दिसतो. मराठवाड्यात चिंचेवर झालेले संशोधन प्रामुख्याने बागायतीच्या अंगाने झाले. 'प्रतिष्ठान' ही मराठवाड्यात निवडलेली जात प्रसिद्ध आहे. अशा निवडीत झाड पाहिले जाते ते गराच्या प्रमाणावरून. बी जितके कमी तितके बरे. गराच्या भावाचा विचार करता हे योग्यच आहे. परंतु चिंचोक्यातील झायलोग्लुकनाचे प्रमाण व त्यावरील गॅलॅक्टोजची घनता झाडागणिक बदलते काय, हा प्रश्न फळाच्या बाजूने विचार करणारास सुचत नाही. जपानात १९६० नंतरच्या दशकापासून हे शुद्ध द्रव्य खाद्यपदार्थांत वापरले जात आहे. २०१७ साली खाद्य व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने त्याची छाननी करून दैनिक सेवनास संख्येची मर्यादा घालण्याचे कारण नाही असा निर्वाळा दिला. तेथे त्याचे नाव 'चिंचोक्यातील बहुशर्करा' असे साधे आहे. पेक्टिनाची नोंद वेगळी आहे. गावोगावच्या चिंचा फोडणाऱ्या बायकांच्या हातून जाणाऱ्या पोत्याचा भाव मात्र अद्याप नुसत्या वजनावर ठरतो.

झाडाच्या दृष्टीने हा साठा कशासाठी आहे, हे १९८७ साली फ्रान्समधील रेइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंकुरत्या चिंचोक्यांवर सूक्ष्मदर्शकाने दाखविले: अंकुर वाढू लागला की दलांतील जाड पेशीभित्ती क्रमाक्रमाने पचविल्या जातात व मोकळी झालेली शर्करा रोपास मिळते. हा प्रयोग आपल्या विभागातील विद्यार्थ्यांस फारशा सामग्रीवाचून पाहता येईल. मृगाच्या पावसानंतर बांधावर उगवलेली, निरनिराळ्या वयांची चिंचेची रोपे उपटून आणावी, दलांचे वस्तऱ्याने पातळ छेद घ्यावे आणि त्यांवर आयोडीनचा थेंब टाकावा. कोवळ्या अंकुराच्या दलात भित्ती जाड व निळ्या दिसतील. दल सुरकुतत जाईल तसतशा त्या पातळ व फिक्या होत जातील, आणि दल गळून पडण्याच्या सुमारास श्लायडेनचा निळा रंग दिसेनासा होईल.